साथ आली की पुढं कोण जातं?

(टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना इथल्या महिला गटानं रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही टेंभुर्णीच्या गटातल्या बाया बोलतोय. आज बचतीचा हिशेब नाही की पापडाची ऑर्डर नाही. आज प्लेगबद्दल बोलायचंय. हातातलं काम चालू राहू द्या, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, गाडलेलं मढं आज कशाला उकरता? त्याचं असं आहे. आमच्या पोरी हल्ली जादूच्या जाडजाड कादंबऱ्या वाचतात. त्यांत एक गोष्ट फिरून फिरून येते. गुरूच्या घरी विद्या शिकणारी चार पोरं असतात, विद्या अजून अर्धीच झालेली असते, आणि राज्यावर जीवघेणी साथ येते. मोठे जाणते आधीच अंथरूण धरतात, आणि मग सगळा भार त्या शिकाऊ पोरांवर येतो. पोरी सांगत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. ऐकता ऐकता वाटलं, यातली जादू सोडली तर बाकीचं सगळं आपल्या महाराष्ट्रात घडून गेलंय. तेच आज सांगणार आहोत.

१८९६ सालचा सप्टेंबर. मुंबईत मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींच्या आसपास, माणसं तापानं फणफणून पडायला लागली. जांघेत, काखेत गाठ यायची आणि चार-पाच दिवसांत माणूस जायचा. डॉ. अकासिओ व्हिएगस नावाच्या डॉक्टरांनी ओळखलं, हा गाठीचा प्लेग आहे. आधी १८९४ साली तो हाँगकाँगला पसरला होता, तिथून जहाजांवाटे आला असावा असं मानतात. मुंबईतून लाखो माणसं गावाकडं पळाली. आपण २०२० साली रस्त्यानं चालत निघालेली माणसं पाहिली, तसंच तेव्हाही झालं. इथून पुढं पंचवीसेक वर्षांत या प्लेगानं देशातली एक कोटीच्या वर माणसं नेली.

त्या वेळी सरकारनं व्लादिमीर हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाला मुंबईला बोलावलं. हा ओडेसाचा, ज्यू घरातला. पटकीची लस त्यानं आधीच बनवलेली होती. आता प्लेगची बनव म्हणाले. जागा काय दिली? ग्रँट मेडिकल कॉलेजातला एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. ना शिकलेले मदतनीस, ना धड सामान.

काम कसं होतं ते सांगतो, कारण ते निम्मं स्वयंपाकघरातलंच आहे. मटणाचं सूप करायचं, तेही बोकडाच्या मटणाचं, हिंदूला आणि मुसलमानाला दोघांनाही चालावं म्हणून. ते काचेच्या मोठ्या चंबूत भरायचं. त्यात प्लेगचे जिवंत जंतू सोडायचे आणि वर तुपाचे थेंब टाकायचे. होय, आपलं साजूक तूप! जंतू त्या तुपाला धरून वाढायचे आणि छपराला कोळिष्टकं लोंबावीत तसे खाली लोंबायचे. मग चंबू हलवायचा. लोंबलेले जंतू तळाशी बसायचे आणि तुपाखाली पुन्हा नवे धरायचे. असं काही आठवडे करत राहायचं. शेवटी सगळं तापवून जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंची ती लस.

वाचताना आम्ही एका जागी थांबलो. चंबू हलवणारा हात कुणाचा होता? ज्याला कालपर्यंत टपाल पोचवायचं आणि पाणी भरायचं एवढंच काम होतं, त्याचा. चंबू फुटला, थेंब उडाला, तर गाठ त्याच्याच काखेत येणार. शहरात रोज तिरड्या निघतायत, आणि हा माणूस घरून जेवून येतो आणि दिवसभर तोच रोग काचेत हलवत बसतो. तीन महिने हे चाललं. मदतनिसांपैकी एकाच्या मनावर परिणाम झाला, दोघं काम सोडून गेले. त्यांना पळपुटे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पगार शिपायाचा आणि जोखीम यमाची, असा तो सौदा होता.

१८९७ च्या १० जानेवारीला हाफकिननं ती लस पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, उतरलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना टोचलं. टोचून घेतलेल्यांचा बचाव झाला, न घेतलेल्यांतले काही दगावले. (कैद्यानं ‘हो’ म्हणणं किती खुशीचं असतं, हा प्रश्न आमच्यातल्या एकीनं काढलाच. बरोबर आहे तिचं.) ही लस सगळ्यांना वाचवणारी नव्हती, पण मरण बरंच कमी करणारी होती. पुढं परळला मोठी प्रयोगशाळा झाली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. आपल्या लेकरांना तोंडावाटे दिलेले पोलिओचे थेंब कितीदा तिथूनच आलेले आहेत.

आता मुंबईहून पुण्याला चला. तिथं तर आपल्या घरचीच माणसं भेटतात.

सावित्रीबाई फुले आपण शाळेच्या पायरीवर उभ्या केलेल्या आहेत. ३ जानेवारीला हार घालतो, भाषण होतं. पण त्या गेल्या कशानं, हे किती जणींना ठाऊक आहे? आमच्या गटात विचारलं तर निम्म्या गप्प बसल्या. त्या प्लेगानं गेल्या.

त्यांचा मुलगा यशवंत. तो पोटचा नव्हता. काशीबाई नावाची एक विधवा बाई, फसवली गेलेली, पोटात लेकरू घेऊन जीव द्यायला निघालेली. जोतीराव-सावित्रीबाईंनी असल्या बायांसाठीच बालहत्या प्रतिबंधक गृह चालवलं होतं. तिथं काशीबाईचं बाळंतपण केलं आणि ते पोर दत्तक घेतलं. त्याला डॉक्टर केलं. १८९७ साली यशवंत तेवीसच्या आसपासचा होता, सैन्यात नवा नवा डॉक्टर. पुण्यात प्लेग शिरला तसं सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं. गावाबाहेर हडपसरकडं ससाणे मळ्यात त्यानं दवाखाना उघडला. गोरगरीब, ज्यांना शहरात कुणी शिवत नव्हतं, ती माणसं तिथं आणायची.

आणायचं काम कुणी केलं? सासष्ट वर्षांच्या आईनं. मुंढव्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचं पोर प्लेगानं पडलंय असं कळलं. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात पोचवलं. पोर वाचलं. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

या गोष्टीत आम्हाला यशवंत जास्त दिसतो. सगळे त्याच्या आईबद्दल बोलतात आणि ते रास्तच आहे. पण त्या नवशिक्या पोराचा विचार करा. हाताशी औषध नाही. प्लेगवर नेमकं लागू पडणारं औषध यायला अजून चाळीस-पन्नास वर्षं जायची होती. पाणी पाजायचं, अंग पुसायचं, गाठ फोडायची, धीर द्यायचा, एवढंच हातात. आणि स्वतःची आई समोर तापानं पडलेली. तीही त्यानं बोलावून आणलेली नाही, तिनंच त्याला बोलावलेलं.

त्याच मार्च महिन्यात, त्याच पुण्यात, दुसरंही एक चालू झालं. सरकारनं फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा केला होता. रँड नावाच्या अधिकाऱ्याकडं पुणं सोपवलं. गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या घरात शिरायच्या, देवघरापर्यंत बूट घालून. सामान बाहेर काढून जाळायच्या. रोगी सापडला की उचलून छावणीत. बायकांच्या काखा-जांघा परक्या पुरुषांनी तपासायच्या. पंडिता रमाबाईंनी पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बाईमाणसाची काय गत होते, यावर वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते तुम्ही शाळेत शिकला आहातच.

शाळेत एक शिकवत नाहीत. त्या धाकानं लोक रोगी लपवायला लागले. ताप आलेलं माणूस माळ्यावर, धान्याच्या खोलीत निजवायचं. मेलं तर गुपचूप उरकायचं. रोग लपला की पसरतो. कायद्याचा हेतू साथ थांबवायचा होता आणि लोक दार बंद करून बसले. ज्या वस्तीत सावित्रीबाई गेल्या तिथं मात्र आईबापांनी आपलं पोर त्यांच्या पाठीवर दिलं. का दिलं असेल? ती बाई त्यांच्या विहिरीच्या पाण्याला हात लावणारी होती. आपल्या घरचा हौद तिनं आणि जोतीरावांनी त्यांच्यासाठी खुला केला होता. ओळख साथीच्या आधीची होती.

आता एक वाईट गोष्टही सांगावी लागेल. शिकाऊ माणसाची नुसती छातीच मोठी असून भागत नाही.

१९०२ साली पंजाबात मुल्कोवाल नावाच्या गावी, आज ते पाकिस्तानात आहे, एकशेसात जणांना प्लेगची लस टोचली. त्यातले एकोणीस जण मेले. प्लेगानं नाही, धनुर्वातानं. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. खापर हाफकिनवर फुटलं, त्याला कामावरून दूर केलं. पुढं जाणत्या शास्त्रज्ञांनी कागदपत्रं तपासून दाखवलं की दोष प्रयोगशाळेचा नव्हता. गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून बूच काढायचा चिमटा खाली मातीत पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला होता. १९०७ साली हाफकिन सुटला. मेलेली माणसं काही परत आली नाहीत.

बायांनो, धनुर्वात म्हटल्यावर तुमच्या अंगावर काटा आला असेल. आपल्या आज्यांच्या काळी नाळ विळ्यानं कापायची, वर शेण नाहीतर राख लावायची आणि आठव्या दिवशी बाळ आकडून जायचं. लोक म्हणायचे सटवीनं नेलं. मुल्कोवालचा चिमटा आणि तो विळा सारखेच. म्हणून शिकाऊ नर्स पोरगी खाली पडलेली सुई फेकून देऊन दुसरी घेते, तेव्हा ‘किती नखरे’ म्हणू नका. तिला पहिल्या महिन्यात जे शिकवतात ते हेच.

प्लेग उंदरावरच्या पिसवेमुळं माणसाला होतो, हे १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून दिलं. मोठमोठ्या डॉक्टरांना ते मान्य व्हायला कितीतरी वर्षं लागली. आणि आपली खेडी? त्यांना पिसू ठाऊक नव्हती, पण ‘उंदीर पडायला लागले’ की गाव सोडायचं, एवढं कळत होतं. गाव मोकळं करून रानात झोपड्या टाकायच्या, चुली तिकडंच पेटवायच्या, साथ ओसरली की परत यायचं. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. घरात उंदीर मरून पडलेला पहिल्यांदा कुणाला दिसतो? केर काढणारीला.

तुम्हाला वाटेल, हे सगळं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. तर नाही. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. तिथं मामला नावाचं लहानसं गाव आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, तो आपल्या सगळ्यांनाच आठवतो. त्याच्या पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, मामल्यात पिसवा झाल्या, उंदीर पडले आणि माणसांना गाठी आल्या. भूकंपानंतर माणसं घरं सोडून बाहेर राहिली, बंद घरांत धान्य पडून राहिलं, उंदीर माजले, असं एक कारण तज्ज्ञांनी तेव्हा मांडलं. लगेच सप्टेंबरात सुरतेला साथ आली. ती फुप्फुसाच्या प्लेगची, खोकल्यातून पसरणारी. लाखो माणसं सुरत सोडून पळाली, कितीतरी खाजगी डॉक्टरही दवाखान्याला कुलूप लावून गेले. पन्नासच्या आसपास माणसं तिथं दगावली.

पण १८९७ आणि १९९४ मध्ये एक मोठा फरक होता. आता औषध होतं. टेट्रासायक्लिनच्या साध्या गोळ्या. वेळेवर दिल्या की प्लेगचा रोगी बरा होतो. गाठीच्या प्लेगाचा तर बहुतेक वेळा होतोच, फुप्फुसाच्याला मात्र पहिल्या दिवसातच औषध लागतं. म्हणजे आता मरण औषध नसल्यानं येत नाही, उशिरा कळल्यानं येतं.

कळवणारी कोण? आपल्या गावात आशाताई आहे. तिला आपण सून म्हणून ओळखतो, जाऊ म्हणून ओळखतो. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ म्हणून दारोदार फिरून ऑक्सिजन मोजायला हीच आली होती. बोटाला लावायचं ते यंत्र कसं वाचायचं, हे तीही नुकतंच शिकलेली होती. काही घरांनी तिला चहा दिला. काही घरांनी कडी लावून घेतली, म्हणाले, हीच रोग घेऊन फिरते. दोन्ही तऱ्हेची घरं आपल्याच गावात होती, नावं घेत नाही.

हे सगळं बोलणं चाललं असताना आमच्या गटातली एक आई म्हणाली, “तुम्ही गोष्टी सांगता छान. पण माझी पोरगी बारावी झाली, नर्सिंगला जायचं म्हणते. साथ आली की पहिली तीच पुढं. सावित्रीबाईला जोतीबाच्या माघारी कुणी अडवणारं नव्हतं. माझ्या पोरीला काय झालं तर मला कोण इचारणार?”

तिला कुणी ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही. म्हणायचं कुणाच्या तोंडानं? आरतीचं ताट घेऊन नर्सला देवी म्हणायचं आणि तिला हातमोजे न देता वॉर्डात पाठवायचं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. हाफकिनच्या व्हरांड्यातल्या त्या शिपायांसारखंच ते. म्हणून आम्ही उपदेश केला नाही. दोन बैठका घालून, दवाखान्यात काम केलेल्या बायांना विचारून, त्या आईला प्रश्न काढून दिले. संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, तो कागद बघायचा, नुसता फलक नाही. ए.एन.एम. दोन वर्षांचं की जी.एन.एम. तीन वर्षांचं, हे ठरवून जायचं, तिथं गेल्यावर एजंट ठरवेल ते नाही. वॉर्डात उभं करायच्या आधी पोरींना काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची, लस देतात का. हातमोजे आणि मास्क संस्था देते की पोरीनं आणायचे. सुई टोचली तर कुणाला सांगायचं आणि पुढं काय करतात. रात्रपाळीला शिकाऊ पोरीबरोबर मोठी सिस्टर असते की पोरगी एकटी. शेवटचा प्रश्न त्या पोरीनंच घातला होता.

ती आई दोन संस्थांत जाऊन आली. एका ठिकाणी हे प्रश्न विचारल्यावर बाबू म्हणाला, “इतकं कुणी विचारत नाही.” तिथं ती परत गेली नाही. दुसऱ्या ठिकाणी सिस्टरनं बसवून घेतलं आणि सगळं दाखवलं. फॉर्म घरात आहे, अजून भरलेला नाही. घाई करू नको, असं आम्हीच तिला सांगितलंय.

आता आपल्या घरचं. सोयाबीन, मका घरात येईल. कोठीजवळ उंदीर येणारच. धान्य जमिनीवर टाकू नका, फळीवर नाहीतर दगडावर उंच ठेवा, कणगीला भोक असेल तर बुजवा. एखादा उंदीर मांजरानं मारला, औषधानं मेला, तर घाबरायचं काही नाही. पण कारण नसताना एकामागून एक उंदीर मरून पडायला लागले, घरात पिसवा वाढल्या, तर हातानं उचलू नका, शेपटीला धरून पोरांना उकिरड्यावर टाकायला लावू नका. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू गार झालेलं अंग सोडते आणि ऊबदार अंग शोधते. ते अंग आपलं असतं. म्हणून अशा वेळी उंदरांना औषध घालायची घाई पण करायची नाही. आधी पिसवा मारायची पूड टाकावी लागते, मग उंदीर. उलटं केलं तर पिसवा आपल्यावर येतात. ही पूड आरोग्य खात्याची माणसं टाकतात, त्यासाठी आधी त्यांना कळवावं लागतं. आशाताईला सांगा, उपकेंद्रात सांगा, त्याच दिवशी सांगा. आणि थंडी वाजून ताप आला, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर भाजायचं नाही, बिब्बा लावायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

बायांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरात नाहीतर गल्लीत कुणी जुनी म्हातारी असेल. तिच्या आजीनं तिला रानातल्या झोपड्यांची गोष्ट सांगितलेली असेल. गाव कधी मोकळं केलं, कुणाच्या शेतात राहिले, पाणी कुठून आणलं, आजाऱ्याजवळ कोण बसायचं, हे तिला विचारा आणि आम्हाला कळवा. लिहिता येत नसेल तर नातीच्या मोबाईलवर बोलून पाठवा. पुढच्या वेळी त्यातल्या दोन-तीन गोष्टी त्या म्हाताऱ्यांच्याच आवाजात इथून ऐकवू.